अजून थोडी सूज

इंदूबाईंनी तोंड उघडलं. खालच्या इम्प्लांटभोवतीची हिरडी लालभडक झाली होती. डॉक्टर नंदकिशोरांनी हलकेच दाबली तर पू आला.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. ब्रश लावला का रक्त येते."

पोस्टातून निवृत्त झालेल्या इंदूबाई दिग्रसला एकट्याच राहत. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या लेकीनं, मोनालीनं, त्यांना नागपूरला नेऊन तो दात बसवून दिला होता.

"स्क्रू हाडात आहे," डॉक्टर म्हणाले. "संसर्ग खाली उतरला तर हाड झिजेल, दात हातात येईल. दर मंगळवारी यावं लागेल."

त्या येऊ लागल्या. डॉक्टर दाताच्या कडेची घाण काढत, औषधाच्या पाण्यानं धूत. मग तिथंच चहा व्हायचा. कापसाचा भाव पडल्यापासून शेजारची जिनिंग गिरणी बंद होती आणि दवाखान्यातली बाकंही रिकामी. लोक असह्य झालं तरच येत, दात उपटून घेत आणि जात. घरी डॉक्टरांची वाट पाहायला कोणी नव्हतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा अनिकेत परदेशात.

इंदूबाई पोस्टातले किस्से सांगत. पत्ता म्हणून नुसतं 'मामा, उमरखेड' लिहिलेलं पाकीट त्यांनी शोधून शोधून कसं पोचवलं, ते ऐकून डॉक्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पुष्कळ दिवसांनी.

दिवाळीनंतर पू थांबला. डिसेंबरात एका मंगळवारी डॉक्टरांनी हिरडीभोवती सळई फिरवली. रक्ताचा थेंब नाही. हिरडी गुलाबी, घट्ट.

त्यांनी सळई ट्रेमध्ये ठेवली.

"अजून थोडी सूज आहे," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी या."

मग दर मंगळवारी तेच म्हणत राहिले. मिठाच्या पाण्यानं धुवायचं आणि चहा सांगायचा.

मार्चमध्ये इंदूबाई म्हणाल्या, "पोरगी कायमची पुण्याले बोलावून राह्यली. मी म्हणलं, दात बरा झाल्याबिगर कशी येऊ?"

तो आठवडा डॉक्टरांना फार जड गेला. पुढच्या मंगळवारी त्यांनी हातमोजे घातलेच नाहीत.

"इंदूबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. हिरडी डिसेंबरातच बरी झाली. तुम्ही लेकीकडे जा."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडून एक पाकीट काढलं. आत यवतमाळच्या दुसऱ्या दंतवैद्याकडचा एक्स-रे होता आणि चिठ्ठी. हाड शाबूत. संसर्ग नाही.

"तुमी सूज म्हणे, मले तर काईच दुखे ना. म्हणून दाखवून आलती."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरची तारीख वाचली. वीस डिसेंबर. त्यांनी मान वर केली, तेव्हा इंदूबाई खुर्चीत मागे रेलून तोंड उघडून बसल्या होत्या.