चारमिनारपाशी भेटू

"हैदराबादेत हॉटेल कशाला? आत्याचं घर आहे की!" मोबाईलवर चारमिनार, गोवळकोंडा बघता बघता हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "गेल्या वर्षी बडोद्याला तुमच्या मामांकडे उतरलो. तुम्ही मुलांना घेऊन राजवाडा बघून आलात. मी काय बघितलं? मामींचा ओटा आणि पोळपाट!"

"अगं, तूच उठलीस मदतीला. कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला लागतं? सून पाहुणी म्हणून नुसती बसली तर चालतं तुमच्याकडे?"

ह्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "आत्याला वाईट वाटेल गं."

"मग तुम्ही उतरा त्यांच्याकडे," मी म्हटलं आणि माझ्यापुरती हॉटेलची खोली बुक करून टाकली. "सकाळी पोळ्या लाटून झाल्या की या चारमिनारपाशी. मी तिथंच असेन."