दवाखान्याच्या फाटकापाशी

"जोरात म्हणा, आत ऐकू गेलं पाहिजे!" इंत्रू गोन्साल्विसने चौथ्यांदा दटावलं, तशी रेजिनाबाई वैतागली. वसईतल्या त्या गर्भपाताच्या दवाखान्यासमोर चर्चच्या गटाबरोबर निषेधाला उभं राहून सकाळपासून रोझरीची प्रार्थना म्हणून तिचा घसा बसला होता. देव काय बहिरा आहे?

तेवढ्यात कडेवर तान्ही पोर घेतलेली एक बाई रिक्षातून उतरली. एकटीच होती. त्यांच्या हातातला 'बाळाला मारू नका' हा फलक वाचून ती थबकली, मग सरळ रेजिनाबाईपाशी आली. "मावशी, आत बाळाला नेऊ देत नाहीत. जरा धराल हिला?"

रोझरी थांबली. "घेऊ नका!" इंत्रू ओरडला. "त्या पापाला हातभार लागेल आपला!"

"अरे, बाळं वाचवायला उभे आहोत ना आपण? मग हे काय गाठोडं आहे?" रेजिनाबाईने जपमाळ त्याच्या हातात कोंबली आणि पोरीला छातीशी घेतलं.

दुपारी ती बाई भिंतीच्या आधाराने बाहेर आली. न जन्मलेल्या जिवासाठी रेजिनाबाईला रडू आलं, पण डोळे पुसून ती पुढे झाली.

"पोर झोपलीय," ती त्या बाईला म्हणाली. "घरापर्यंत मीच घेते हिला. तू सावकाश चाल."