आतला कप्पा

डेमोच्या शेवटी हेमांगीने हौसेने ‘निर्माते’ हे नाव टाइप केलं. त्यांच्या नव्या संगणकभाषेत या नावाखाली तिने पहिल्याच दिवशी दोघांना बसवलं होतं, स्वतःला आणि कॉलेजपासूनच्या मित्राला, दिगंबरला.

पडद्यावर एकट्या दिगंबरचं नाव उमटलं.

“दिग्या, काहीतरी बिघडलंय रे!”

“नंतर बघू,” तिची नजर चुकवत तो म्हणाला.

तिने तिथेच कोड उघडला. बिघडलं काहीच नव्हतं. त्यांच्या भाषेत नावं एकात एक बसवलेल्या कप्प्यांत राहायची. कुठलंही नाव आधी आतल्या कप्प्यात शोधायचं, तिथे सापडलं की बाहेर बघायचंच नाही, हा नियम तिचाच. आतल्या कप्प्यात ‘निर्माते’ म्हणून गुपचूप स्वतःला एकट्याला ठेवून दिगंबरने तिचा केसाने गळा कापला होता.

बाहेरच्या कप्प्यात दोघांची नावं अजून शेजारीशेजारीच होती. तिथवर आता कुणी जाणार नव्हतं.