दोन कॉम्बो, एक खुर्ची

मोठा कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकटचा अॅम्प्लिफायर, सुरू केला तरी त्याला स्वतःची बेस गिटार ऐकू येईना.

त्यानं मागे हात नेऊन आवाजाचं बटण आणखी फिरवलं. बोटं तारांवर चालत होती, तारा थरथरत होत्या. मेहुणा ड्रमवर तुटून पडला होता आणि स्टेजच्या फळ्या पायाखाली हादरत होत्या. पण कानापर्यंत येत होती ती नुसती घुमघुम, शेजारच्या घरात कोणी कपाट सरकवत असल्यासारखी.

"अहो, कमी करा!" रिकाम्या हॉलच्या पहिल्या रांगेतून बायको ओरडली. "माझ्या छातीत धडधडायला लागलंय."

म्हणजे तिथे बसलेल्या तिला ऐकू येत होतं, आणि कॉम्बोला खेटून उभ्या असलेल्या त्याला नाही.

दुकानदारानं दोन कॉम्बो सोबत दिले होते. दुकानात सगळेच छान वाजतात, तेव्हा संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या जागीच लावून बघा, एक ठेवा, एक परत आणा, असं तो म्हणाला होता. छोटा एका हातानं उचलता येत होता. मोठा दोन जिने चढवताना मेहुण्याच्या तोंडाला फेस आला होता. जुना अॅम्प थकला म्हणून नवा घ्यायचा, एवढंच घरच्यांना आणि बँडला माहीत होतं. खरी गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. कित्येक महिने तो स्टेजवर निव्वळ अंदाजानं वाजवत होता. मघाशी छोट्यावर ऐकू आलं नाही तेव्हा छोट्यात दम नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. मोठ्यावरही नाही आलं तर आजचा कार्यक्रम शेवटचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं. जेवताना सगळे हसले की ते आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. नेहमी एक क्षण उशिरा. लहानपणी त्याला त्याची लाज वाटायची. आता भीती वाटत होती.

"दाजी, परत पहिल्यापासून?" मेहुण्यानं विचारलं.

"घे."

गाणं रंगात आलं आणि त्याच्या खिशातला चष्मा घसरून नेमका बुटांपाशी पडला. पाय पडायच्या आत उचलावा म्हणून तो उकिडवा बसला. डावा हात चष्म्याकडे गेला, उजव्यानं सवयीनं मोकळी तार छेडली.

आणि बेस थेट कानात शिरला. जाड, स्वच्छ, अगदी त्याच्या बोटातून निघालेला.

तो उभा राहिला. आवाज गेला. खाली बसला, आला. पुन्हा उभा राहिला.

मेहुण्यानं काठ्या थांबवल्या. "दाजी, उठाबशा कसल्या काढताय? काय गुन्हा केलात?"

तो वळून कॉम्बोकडे बघत राहिला. स्पीकर त्याच्या गुडघ्याच्याही खाली होता. तिथून निघालेला आवाज पायांमधून सरळ पहिल्या रांगेत, बायकोच्या अंगावर जात होता. जुना अॅम्पही तो असाच ठेवायचा, जमिनीवर, पाठीशी. घरी पलंगाच्या कडेला बसून वाजवताना सगळं नीट ऐकू यायचं. घरात शांतता असते म्हणून, असं त्याला वाटत आलं होतं. इतके महिने तो आपल्या पोटऱ्यांना गाणी ऐकवत होता!

"अगं, एक खुर्ची दे वर."

खुर्चीवर मोठा कॉम्बो मावलाच नसता. त्यानं छोटा ठेवला, खुर्ची चांगली मागे ओढली आणि बायकोची पिशवी कॉम्बोच्या पुढच्या कडेखाली सरकवून त्याचं तोंड वर केलं. मग आपल्या जागी ताठ उभा राहिला.

"वाजव," तो मेहुण्याला म्हणाला. "दयामाया दाखवू नकोस."

मेहुण्यानं ती दाखवली नाही. तरी एकेक सूर आला. तो वाजवत राहिला, गाणं संपल्यावरही वाजवत राहिला. मग गिटार उतरवून स्टेजच्या कडेला येऊन बसला.

"आता बरं वाटतंय," बायको जवळ येत म्हणाली. "मघाशी नुसता गडगडाट होता."

"अगं, मला वाटलं, माझे कान गेले."

ती थबकली. "कधीपासून वाटतंय?"

"झाले बरेच महिने."

"बाबांसारखे?"

त्यानं मान डोलावली.

"आणि मला आत्ता सांगताय?" तिचा आवाज चढला. तिनं त्याचा एक कान धरून चांगला पिळला, मग दुसराही. "आहेत की दोन्ही जागेवर," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

त्याला एकदम हलकं हलकं वाटलं. "मोठा परत करायचा रे!" त्यानं मागे वळून हाक दिली. "छोटाच घेऊ."

मेहुणा स्टेजच्या पार मागच्या टोकाला, ड्रमखाली डोकं घालून कसला तरी स्क्रू पिळत होता. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "दोन जिने चढवला, आता दोन जिने उतरवा. मला काही ऐकू आलं नाही बुवा."

ते कानावर पडताच स्टेजच्या कडेला बसलेला तो खो खो हसत सुटला.

बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय म्हणाला तो?" तिनं विचारलं.