वाढणारे कपाट

इ.स. १८९७ च्या चैत्रात कल्याणच्या तळ्याकाठच्या वाचनालयातील पुस्तके वाढू लागली. खरेदी झालेली नव्हती. देणगी कोणी दिलेली नव्हती. गावात गाठीच्या तापाची साथ होती आणि निम्मे सभासद घरे सोडून शेतांवरच्या झोपड्यांत राहायला गेले होते.

वाचनालयाचे चिटणीस दामाजीराव शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. पुस्तके आपोआप वाढत नाहीत, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आगंतुक पुस्तके वेगळी काढून तपासली. एकावरही वाचनालयाचा शिक्का नव्हता. मालकाचे नाव जिथे असते ते पहिले पान प्रत्येकातून काळजीपूर्वक कापलेले होते. सगळ्यांना साथीत जंतू मारायला फवारतात त्या कार्बोलिकचा वास येत होता. वासाचा फारसा उपयोग नव्हता. त्या उन्हाळ्यात गटारांपासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत सगळ्या गावालाच तो येत होता.

सकाळी दार उघडणारी व्यक्ती एकच होती, झाडलोट करणारी आवडाबाई. दामाजीरावांनी तिलाच विचारले.

"मी?" आवडाबाईने झाडू खाली ठेवला. "मास्तर, चोर नेतो. आनून ठेवनारा चोर तुमी कवा बघला?"

"मी चोर म्हटले नाही. कोण ठेवते, एवढेच विचारतो आहे."

"मना ठावं नाय. पन तुमच्या सभासदांपरीस बरा मानूस दिसतो. त्यांनी नेलेली पुस्तकं परत आनायला त्यांच्या दारात मीच जाते ना!"

तिचे म्हणणे तर्काला धरून होते. शिवाय हे वाचनालय देणाऱ्यांनीच उभे केले होते. तीस वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या माळ्यावर एक मेज आणि दोन वर्तमानपत्रे, एवढाच त्याचा संसार होता. मग दर शनिवारी घरोघर मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची पद्धत पडली. त्या तांदळावर कपाटे आली, ग्रंथ आले, पुढे ही इमारतही आली. ज्यांच्या घरात वाचणारे कोणी नव्हते अशा मिठागरांवरच्या आगरी बायकांनीही आपली मूठ दिली. आवडाबाईची आई त्यांतलीच. दामाजीराव सहसा कशाने भारावत नसत; या हकीकतीपुरता त्यांनी अपवाद केला होता.

संध्याकाळी तपासनीस नाथाराव आले. साथीच्या घरांतले सामान बाहेर काढून जाळणे हे त्यांचे काम. गावाने त्यांचे नाव 'शिमगा' ठेवले होते. ते रोज याच वेळी येत, दारालगतच्या मेजावर वर्तमानपत्र उघडत, आणि इतर वाचकांना एकामागून एक घरची कामे आठवू लागत. थोड्याच वेळात खोलीत ते एकटे उरत.

"काय मास्तर, कपाटे भरलेली दिसतात," जाता जाता चिटणिसांच्या खोलीत डोकावून ते म्हणाले.

"वाचक गावाबाहेर गेले. जाताना पुस्तके परत करून गेले," दामाजीराव म्हणाले. खोटे बोलण्याची सवय नसल्याने त्यांना ते वाक्य लांब वाटले.

"बरे झाले. पुस्तके इथेच बरी." नाथाराव निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या ढिगात बीजगणिताचे एक जुने पुस्तक सापडले. एका समासात दामाजीरावांच्याच हस्ताक्षरात एक दुरुस्ती होती. पारनाक्यावरच्या पंढरीनाथ वकिलांकडून त्यांनी ते कधीकाळी वाचायला आणले होते. वकील मागच्या आठवड्यात साथीच्या रोग्यांसाठी गावाबाहेर उभारलेल्या छावणीत वारले. त्यांच्या घरातले सगळे सामान अंगणात जाळले गेले होते. पुस्तकही त्यात असायला हवे होते.

आता उलगडा झाला. साथीच्या घरांतली पुस्तके कोणीतरी चोरून इथे पोचवत होते. कार्बोलिक लावून कडक उन्हात वाळवलेल्या कागदापासून फारसे भय नाही, असे दामाजीरावांचे मत होते. पण हुकमाला शास्त्र विचारून चालत नव्हते. साथीच्या घरातली वस्तू जिथे सापडेल, तिथले सामानही तसेच जाळावे, असा तो हुकूम होता. तीस वर्षांची कपाटे एका संध्याकाळी अंगणात गेली असती.

त्यांनी दुपारीच वाचनालयाच्या परसात पेंढा पसरला, त्यावर घासलेट ओतले आणि परकी पुस्तके वर रचली.

"मास्तर, नका हो," आवडाबाई म्हणाली. "कुनीतरी जिवावर उदार होऊन आनली असतील."

"म्हणूनच. ही राहिली तर बाकीची जातील."

"मंग माजी आय मूठ देत होती ती जाळायला काय?"

"ती वाचावी म्हणूनच जाळतो आहे. बाजूला हो."

त्यांनी आगपेटी काढली. पहिली काडी विझली. दुसरी पेटली, तोच परसाच्या दाराशी नाथाराव, आज वेळेआधीच, येऊन उभे राहिले.

"आला शिमगा," आवडाबाई पुटपुटली.

"तुमचाच हुकूम पाळतो आहे," दामाजीराव घाईने म्हणाले. "ही आमची नव्हेत. कोणी आणली, मला ठाऊक नाही. वाटेल तर माझ्यावर खटला भरा, पण आतल्या कपाटांना हात लावू नका."

नाथारावांनी पुढे होऊन ती जळती काडी दामाजीरावांच्या बोटांतून काढून घेतली आणि फुंकून विझवली. मग वाकून बीजगणिताचे पुस्तक उचलले आणि त्याला चिकटलेला पेंढा झटकला.

"ही जाळायचीच असती, मास्तर," ते म्हणाले, "तर मी ती त्यांच्या त्यांच्या अंगणातच जाळली असती. रोज संध्याकाळी इथे कशाला आणून ठेवली असती?"