थोरल्या साहेबांचं सभागृह

"पाडाच," तो म्हणाला. "डागडुजीत अर्थ नाही. तुळया आतून पोखरल्यात."

समितीचे सभासद एकमेकांकडे बघत राहिले. शहरातलं सगळ्यात देखणं सभागृह ते. परगावचा पाहुणा आला की लोक आधी तेच दाखवायला नेत. पण ज्याचं मत मागवलं होतं, तो माणूस काही ऐरागैरा नव्हता. शाळा, रुग्णालय, न्यायालय, अर्ध्या शहराच्या सरकारी इमारती त्याच्या हातच्या. त्यात तो मूळचा सुतार. लाकडाबद्दल त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

अध्यक्षांनी नाइलाजानं मान हलवली.

तुळया पोखरलेल्या नव्हत्या. त्यानं स्वतः शिडीवर चढून एकेक तुळई ठोकून पाहिली होती. लाकूड घंटेसारखं वाजत होतं. एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एक खांब नाही. तुळया एकमेकींच्या गळ्यात हात घालून सगळा भार पेलत होत्या. त्याचा तळवा क्षणभर तिथेच रेंगाळला. मग त्याला वडील आठवले, आणि तो खाली उतरला.

वडील या सभागृहाच्या कामावर मुख्य सुतार होते. छप्पर चढत असताना परांची कोसळली आणि दोन गवंडी गेले. परांची बांधणारा ठेकेदार वेगळाच होता. पण ज्यांच्या नावानं ते सभागृह ओळखलं जातं, त्या आर्किटेक्टनी, थोरल्या साहेबांनी, चौकशीत सरळ सांगून टाकलं, "सुताराची चूक." वडिलांना पुन्हा कुणी काम दिलं नाही. ते भांडले नाहीत, रडले नाहीत. सकाळी उठून सभागृहासमोरच्या बाकावर जाऊन बसायचे आणि छपराकडे बघत राहायचे. जेवायला बोलवायला यालाच जावं लागे. एक दिवस हाका मारूनही ते उठले नाहीत.

"त्या इमारतीनं माझा माणूस खाल्ला," आई म्हणायची. दुसरं काहीच म्हणायची नाही.

त्यानं वडिलांची हत्यारं उचलली. दिवसा दारं-खिडक्या केल्या, फावल्या वेळात शिकला. कॉलेजातली मुलं त्याला 'रंध्या' म्हणत. "रंध्या, माझी पेन्सिल तासून दे रे, तुझ्या घरचाच धंदा!" तोही त्यांच्यासोबत हसायचा. डूख त्यानं धरला होता, पण त्या पोरांवर नाही.

थोरल्या साहेबांना मागे टाकायचं, एवढं एकच डोक्यात ठेवून तो बांधत गेला. प्रत्येक उद्घाटनाला लोक त्याची पाठ थोपटत आणि जाता जाता मीठ चोळत. "झकास झालीय इमारत. सभागृहाची सर नाही म्हणा, पण झकास!"

समितीचा निर्णय झाला, तसा तो घरी जाऊन आईजवळ बसला.

"पाडतोय मी ते," तो म्हणाला.

आईनं निवडत असलेली भाजी खाली ठेवली. "म्हातारा आहे ना अजून?"

"आहे. खुर्चीला खिळलाय, पण डोळे धड आहेत."

"मग त्याच्यासमोर पाड."

पाडकामाच्या सकाळी त्यानं थोरल्या साहेबांसाठी गाडी धाडली. त्यांची पुतणी चाकाच्या खुर्चीतून त्यांना घेऊन आली. यानं स्वतः खुर्ची पुढे ढकलत नेली, अगदी समोर, जिथून सगळं दिसेल अशी.

"आपलं काम आपल्या डोळ्यांदेखत जाताना बघायचं भाग्य सगळ्यांना नसतं, साहेब," तो म्हणाला.

"खरंय," म्हातारा म्हणाला.

त्यानं मुकादमाकडे बघून हात वर केला. यंत्राचा जबडा पुढच्या भिंतीत घुसला. पायऱ्यांवर विटांचा खच पडला. तो इमारतीकडे बघतच नव्हता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. या घटकेसाठी त्यानं उभा जन्म घालवला होता.  म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं वाटतंय, साहेब?"

"मोकळं," म्हातारा म्हणाला. "तुमचे वडील..."

"त्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही!"

"कधी काढलंच नाही हो. तीच तर गोम आहे." म्हाताऱ्यानं बाहीनं डोळे पुसले. तो हसत होता. "मी पुष्कळ बांधलं. लोकांनी एकच इमारत लक्षात ठेवली. जाईन तिथे तिचंच कौतुक. काय ते छप्पर, काय त्या तुळया! मान डोलवून डोलवून मानेचा काटा ढिला झाला माझा. आणि ती नेमकी माझी नव्हती."

"म्हणजे?"

"आराखडा तुमच्या वडिलांचा. पहिल्या रेघेपासून. परांची पडली तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुरुंग नको असेल तर आराखडा माझ्या नावावर करा. तुम्ही लहान होता. ते हो म्हणाले. तुरुंग टळला, ठपका तेवढा राहिला."

यंत्राचा जबडा आता छपराकडे वळला होता.

"थांबवा!" तो ओरडला. यंत्राच्या घरघरीत त्याचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. त्यानं दोन्ही हात वर केले. मुकादमाला वाटलं, साहेब घाई करतायत. त्यानंही उत्साहानं हात हलवला.

तुळया एकमेकींना शेवटपर्यंत धरून होत्या. मग सगळं छप्पर एकदम खाली आलं.

धूळ बसली. मग पुतणीनं खुर्ची वळवली. निघता निघता म्हाताऱ्यानं त्याच्या हातावर थोपटलं.

"पाडा म्हटलं तर माझं कुणी ऐकत नव्हतं हो," तो म्हणाला. "म्हणून समितीला मी तुमचं नाव सुचवलं."