सगळे रिपोर्ट नॉर्मल

मानसशास्त्राच्या सरांचं एक ठाम मत होतं: माणूस वागतो ते मेंदूतल्या रसायनांमुळे, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नसतं. त्यामुळे बायको चिडली की ते शांतपणे म्हणत, "हे तू बोलत नाहीयेस, तुझे हार्मोन्स बोलताहेत," आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालत.

या वेळी मात्र त्यांनी तिला न विचारता परगावच्या कॉलेजातल्या नोकरीला होकार कळवून टाकला, आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. शेवटी "एकदा तपासून तरी घेऊ," म्हणत सर तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिने मुकाट्याने रक्त दिलं.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "थायरॉइड, साखर, हार्मोन्स, सगळं अगदी जिथल्या तिथे आहे!"

"मग हा राग कसला?" सरांनी विचारलं.

"तो तुमचाच आलाय त्यांना."

बायकोने खुर्ची सरांकडे वळवली. "हं, आता बोलूया?"



सरांनी घाईघाईने रिपोर्ट पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे सरकवले. "डॉक्टर, पुन्हा एकदा नीट बघा ना हो, थोडंसं तरी काहीतरी कमीजास्त असेलच!"